उतरताना दुखरा आधी

ओरिननं पोर्चच्या पायऱ्या उतरताना उजवा पाय आधी टाकला. झालं ते एवढंच. ल्युएला स्वयंपाकघराच्या खिडकीशी कॉफीचा कप घेऊन उभी होती आणि मेपलला पालवी फुटली की नाही ते बघायला तिनं सहज मान वर केली होती. उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी येऊन टेकला, मग पुन्हा उजवा. हात कठड्यावर. शेवटच्या पायरीवर तो जरासा थांबला, किल्ली शोधल्यासारखे खिसे चाचपले आणि मग ट्रककडे गेला. तेव्हा मात्र नीट गेला, एकसष्ट वर्षांचा कुणीही धडधाकट माणूस जाईल तसा. किल्ली तर त्याच्या हातातच होती. ल्युएलाच्या मनात पाल चुकचुकली. चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी. वॉर्सॉत वाढलेल्या पोराला पाढ्यांच्या आधी हे येतं, कारण इंडियानातल्या या तळ्याकाठच्या गावात निम्मी माणसं गुडघे आणि खुबे बनवतात आणि उरलेली निम्मी ते घालून हिंडतात. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला येणारी पोरगी प्रत्येकाला एकच सांगते : चांगली माणसं वर स्वर्गात जातात, वाईट खाली नरकात, पायांचंही तसंच. सुरुवातीचे काही आठवडे माणूस हे घोकतो आणि मग विसरून जातो. विसरणं हीच बरं झाल्याची खूण. ओरिनच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चार वर्षं होऊन गेली होती. मग आज याला ते आठवायचं काय कारण, असं ती मनाशी म्हणाली आणि कप विसळून ठेवला. कॉफी अर्धी तशीच होती, ती सगळी सिंकमध्ये गेली.

लाकडाच्या वखारीत चेरीच्या फळ्या आल्यात, त्या बघून येतो, असं तो म्हणाला होता. हे तसं पटण्यासारखंच. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवण्यात त्याचा जन्म गेला आणि निवृत्त झाल्यापासून गावातल्या निम्म्या नातवंडांचे पाळणे त्याच्याच गॅरेजात झाले. पण मागच्या आठवड्यातही चेरीच्याच फळ्या आल्या होत्या. कामावर जायला गाडी चालवताना ल्युएला स्वतःवरच चिडली. तीस वर्षं याच्याशी संसार केला, आता याच्या फळ्या मोजत बसायच्या का. तळ्याच्या कडेनं रस्ता वळला, पाण्यावर अजून बोटी उतरल्या नव्हत्या, आणि पलीकडच्या काठावर, तिच्या कंपनीशी चढाओढ करणाऱ्या त्या दुसऱ्या कंपनीची लांबलचक पांढरी इमारत उन्हात बसली होती. गावात कुणाचा गुडघा बदलला की पहिला प्रश्न ‘कसा आहेस’ हा नसतो, ‘कुणाचा घातलास’ हा असतो. आपल्यांचा की तळ्यापलीकडच्यांचा. लग्न जमवताना लोक एकवेळ चर्च बघणार नाहीत, पण मुलीचा बाप कुठल्या काठावर कामाला आहे ते बघतील. ओरिनचा डॉक्टर तळ्यापलीकडचेच गुडघे घालायचा, चांगला हात होता त्याचा, सगळे सांगत होते. ओरिननं डॉक्टरच बदलला. ‘बायको सांधे मंजूर करून आणणार आणि नवरा दुसऱ्यांचा घालून मिरवणार? लोक तोंडात शेण घालतील,’ असं तो तिच्या देखत सगळ्या नातेवाइकांना हसत सांगायचा. तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं. घरात, आपल्या शेजारी, आपल्या पांघरुणाखाली आपलंच काम झोपलेलं आहे, असा काहीतरी वेडा अभिमान वाटला होता. तो अभिमान आता तिला टोचायला लागला.

तिचं काम सांधा बनवायचं नव्हतं. सांधा विकायला सरकारी खात्याची मंजुरी लागते, ती आणायचं होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, मंजुरी म्हणजे सांधा उत्तम आहे हे पटवून द्यायचं. तसं नसतं ते. पटवायचं एवढंच असतं की हा नवा सांधा पूर्वी मंजूर झालेल्या एखाद्या जुन्या सांध्यासारखाच आहे, त्याहून डावा नाही. तो जुनाही कधीतरी नवा होता आणि त्याच्याहून जुन्याच्या तोडीचा म्हणूनच मंजूर झाला होता. असं मागं मागं जात राहिलं की शेवटी कुठंतरी कुणीतरी पहिला गुडघा बनवलेला असतो आणि त्याला मात्र कुणासारखं व्हायचं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला ल्युएलाला यात मौज वाटायची. घराण्याच्या मेळाव्यात म्हाताऱ्या बायका पोराची हनुवटी धरून ‘अगदी आजोबांचं नाक’ म्हणतात, तसंच हे. तिची लेखणी यात तयार झाली होती. वेगळं काय आहे ते आधी सांगायचं आणि मग त्या वेगळ्यानं काही बिघडत नाही हे दाखवायचं. या शुक्रवारी आणखी एक अर्ज जायचा होता, नव्या गुडघ्याचा. त्याचा जुना भाऊ म्हणून त्यात जो दाखवला होता तो ओरिनच्या पायात होता. त्या अर्जातला एक परिच्छेद तिच्या हातचा : गेली कित्येक वर्षं हा सांधा बाजारात आहे आणि सिमेंटची पकड सुटल्याच्या तक्रारी नगण्य आहेत. खाली तिची सही. जूनमध्ये ती निवृत्त व्हायची होती, केकसुद्धा ठरला होता, वर साखरेचा गुडघा काढणार म्हणे.

नगण्य. गाडी लावून ती तशीच बसून राहिली. हा शब्द तिनं किती सहज लिहिला होता. आणि मग तो जुना दिवस वर आला, न बोलावता आला. नडगीच्या हाडाचं डोकं कापून सपाट करतात आणि त्यावर सिमेंट थापून धातूची एक तबकडी बसवतात. सगळ्या माणसाचा भार त्या तबकडीवर. जुन्या तबकडीला खालून बारीक बारीक खळगे होते, सिमेंट त्यात शिरून धरून बसायचं. थॅड ओव्हरमायरनं, म्हणजे आता जो गुडघ्यांच्या आराखड्याचा प्रमुख आहे त्यानं, ते खळगे काढून टाकले. तळ नुसताच खरबरीत केला. कामाचा एक टप्पा वाचतो, आणि खळग्यांच्या कडांना चिरा जायची भीतीही राहत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात काही खोटं नव्हतं. प्रयोगशाळेत सिमेंटनं तबकडी चिकटवून ती यंत्रानं ओढून काढली, जुनी जितक्या जोरानं सुटली तितक्याच जोरानं नवी सुटली. मग झालं. पण त्याच सुमारास ल्युएला एका ऑपरेशनला हजर राहिली होती. लिहिणाऱ्यानं एकदा तरी बघावं म्हणून कंपनी पाठवायची. सर्जननं तबकडी दाबली तेव्हा हाडाच्या पोकळीतून चरबी वर आली, पिवळसर, चकचकीत, आणि ती सिमेंटच्या कडेकडेनं तबकडीच्या पोटाखाली सरकली. तिनं ते पाहिलं. चिकन आणि नूडल्सच्या पातेल्यावर गार झाल्यावर जो तवंग धरतो, तसाच. परत आल्यावर ती थॅडला म्हणाली होती, ‘आपण सगळं कोरड्यावर तपासतो. आत तर कोरडं काहीच नसतं.’ थॅड तेव्हा पोरसवदाच होता, नम्र होता, त्यानं तिला खुर्ची दिली. ‘खरं आहे,’ तो म्हणाला, ‘पण जुना कोरड्यावरच तपासलाय. आपण नवा ओला करून तपासला तर तुलना कशाशी करणार?’ मुद्दा बिनतोड होता. या धंद्यातल्या माणसालाच कळेल इतका बिनतोड. सगळ्यांनी मिळून एकाच बाजूनं चालत राहायचं, मग वाट चुकली हे कुणालाच कळत नाही. ती ‘बरं’ म्हणाली आणि जेवायला गेली.

थॅड कॉफीच्या यंत्रापाशी भेटला. आता तो नम्र नव्हता, नुसता गोड होता. ल्युएलानं उगाच विचारावं तसं विचारलं, ‘त्या तबकडीच्या तक्रारी आल्यात का रे काही नव्या?’

‘कसल्या?’

‘पकड सुटल्याच्या.’

‘बोटांवर मोजाव्यात इतक्याच. तुम्हीच तर लिहिलंय.’ त्यानं कप यंत्राखाली धरला. ‘आणि त्याही बघा, कोण घोड्यावरून पडलेला, कोण नको इतका जाडजूड. उरल्या त्या सर्जनच्या हाताच्या. सिमेंट घट्ट होत आल्यावर लावतात आणि मग आपल्या नावानं खडे फोडतात.’ मग कप उचलता उचलता म्हणाला, ‘ओरिन काय म्हणतोय? बॉलिंगला दिसत नाही बरेच दिवस.’

‘सुतारकामात बुडालाय.’

‘बुडू द्या. आपली चालतीबोलती जाहिरात आहे तो.’ आणि हसला.

ती आपल्या जागेवर आली पण ते हसणं तिच्या मागोमाग आलं. यानं ओरिनचं आत्ताच कसं विचारलं. तक्रारीचं निघालं आणि लगेच ओरिन. याला काही ठाऊक आहे का. की ‘काही लिहिण्याच्या आधी विचार करा’ असं सुचवायचं होतं त्याला. की बिचाऱ्यानं साधी चौकशी केली आणि आपल्याच डोळ्यांना कावीळ झालीय. बॉलिंग ओरिननं थंडीत सोडलं, खांदा दुखतो म्हणाला होता. खांदा. तिनं तेव्हा त्या खांद्याला मलम चोळून दिलं होतं आणि तो शहाण्या मुलासारखा बसून राहिला होता. संध्याकाळी घरी गेली तर त्याचा ट्रक तिच्या जागेत आडवा लावलेला. तो हलवायला म्हणून ती आत चढली आणि तिचे पाय कशालाच पोचेनात. सीट पार मागं सरकवलेली. ओरिन काही उंच नाही. इतक्या मागं बसून माणूस ट्रक चालवतो ते एकतर ऐटीत किंवा पाय लांब ठेवायचा म्हणून. रेडिओ लावला तर तासाभरावरच्या फोर्ट वेन शहराचं स्टेशन लागलं, ते काही वखारीकडे जाताना कोणी लावत नाही. ती ट्रक सुरू न करता तशीच बसली आणि मनापासून तिला वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं. फोर्ट वेनला एखादी विधवा, नखं रंगवणारी, ॲपल पाय भाजणारी. तिचा ल्युएलानं चांगला समाचार घेतला असता, रडली असती, बहिणीला फोन केला असता, चर्चमधल्या बायकांनी मिळून तिला जेवणाचे डबे आणून दिले असते. हे जे दुसरं काहीतरी होतं त्याच्यासाठी कोणी डबे आणत नाही. जेवताना तिनं विचारलं, ‘मिळाल्या का फळ्या?’ तो म्हणाला, ‘ओल्या होत्या. वाळल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही.’ तो टेबलावरून उठला नाही, ती भांडी घासून होईपर्यंत बसून राहिला, आणि ती हॉलमध्ये गेल्यावरच तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, किराणा दुकानात मार्व्हा लाइनिंगर भेटली. चर्चमधली बाई, मनानं वाईट नाही, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मांसाच्या काउंटरपाशी तिनं ल्युएलाचा दंड धरला. ‘ओरिनचं काय ठरलं गं?’

‘कशाचं?’

‘अगं, आमच्या ह्यांना तो फोर्ट वेनला दिसला ना, त्या हाडांच्या डॉक्टरांकडे. जे तळ्यापलीकडचे घालतात ते.’ मार्व्हानं आवाज खाली आणला. ‘मी ह्यांना म्हटलं, दुसरा कोणी असेल. ओरिन कशाला जाईल तिकडं. पण मग प्रीतिभोजनाच्या दिवशीचं आठवलं. ओरिननं पाय धुऊन घेतले, पण शेजाऱ्याचे धुतले नाहीत म्हणे.’

ल्युएला म्हणाली, ‘सर्दी होती त्याला.’ हे तिच्या तोंडून इतकं पटकन गेलं की तिलाच नवल वाटलं. म्हणजे खोटं बोलायला आपण शिकलो. की आधीपासूनच येत होतं, असं वाटून ती मांस न घेताच निघाली. प्रीतिभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या संध्याकाळी त्यांच्यात भाकरीच्या आधी पाय धुतात. बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. टॉवेल कमरेला बांधायचा, शेजाऱ्याच्या पुढ्यात गुडघे टेकून त्याचे पाय पाण्यात धरायचे, पुसायचे, मग उठून त्याला मिठी मारायची, आणि मग तो पुढच्याच्या पुढ्यात बसतो. ओरिन लहान होता तेव्हापासून हे करत आला. ज्यानं धुऊन घेतले आणि धुतले नाहीत त्यानं घेतलं आणि दिलं नाही. ओरिनला तेव्हा त्या भाकरीची काय चव लागली असेल. घरी परतताना त्या रात्री तो गाडीत गप्प होता आणि तिला वाटलं होतं, भक्तीनं गप्प आहे. आणि मग तिच्या डोक्यात एक वेगळीच खोली उघडली, जी तिनं कधी पाहिली नव्हती, पुरुषांची खोली. किती जण खाली बसले असतील या वर्षी तिथं. ओरिनच्या शेजारी कोण बसतं? लीलंड, तो कारखान्यात सांध्यांचं घासकाम करायचा, त्याला आपलाच घातलाय. त्याच्या पलीकडे थॅडचा सासरा. त्यालाही आपलाच. सगळ्यांना आपलाच. आपल्या पोराच्या, जावयाच्या, शेजाऱ्याच्या हातचा. आणि पोराच्या हातच्या जेवणाला कोण नावं ठेवतं? नगण्य, असं तिनं लिहिलं होतं. कसे येतील हो तक्रारींचे डोंगर. ही माणसं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी, आणि वर मारणाऱ्याला विचारतील, हात दुखला का रे?

मग तिला तो रविवार आठवला आणि सगळं जाग्यावर बसलं. ती जेवणाच्या टेबलावर ओरिनला आणि पाहुण्यांना गंमत म्हणून सांगत होती : कंपनीतल्या माणसाच्या कानावर तक्रार आली, कुठंही, लग्नात, केस कापताना, तर दुसऱ्या दिवशी ती कळवायलाच लागते, मग ती सरकारपर्यंत जाते. एकानं आपल्या सासूची कळवली नाही म्हणून त्याची नोकरी जायची वेळ आली होती. सगळे हसले. ओरिननं बटाटे वाढून घेताना विचारलं होतं, ‘आणि नवऱ्याची?’ ‘नवऱ्याचीही,’ ती म्हणाली होती. त्यानं मान हलवली आणि बटाटे पुढं दिले. तेव्हापासून तो सकाळी तिच्या आधी उठायला लागला. नाही, तेव्हापासूनच की नाही हे तिला खात्रीनं सांगता येईना, संशयाला तारखा पुरवता येत नाहीत. पण कधीतरी त्यानंतरच. ती खाली यायची तेव्हा कॉफी तयार असायची आणि तो टेबलाशी बसलेला असायचा, पेपर उघडून. तिनं बहिणींना सांगितलं होतं, म्हातारपणी लाड करतोय माझे. लाड कसले. पहिली चार पावलं तिनं पाहू नयेत म्हणून तो आधी उठत होता. रात्रभर आडवा पडलेला सांधा सकाळी टेकला की पहिल्या पावलाला सुरी लागल्यासारखं होतं, आणि मग चालता चालता जरा ओसरतं, तबकडी आपली जागा धरून घेते. हे तिला पुस्तकात बघावं लागत नव्हतं. सिमेंट सुटायला लागलं की माणसं अगदी हेच सांगतात. म्हणजे ती कॉफी. रोजची ती गरम कॉफी. राग आला, ओरिनचाच आला, असा सरसरून आला की रस्त्याच्या कडेला गाडी घ्यावी लागली. मला फसवतोस. मला वाचवायला मलाच फसवतोस. आणि रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, ते तिनं उकरून काढलं कारण आता सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता आणि एकजणच उरली होती. जिन्याचा आवाज. रोज सकाळी अर्धवट झोपेत तिला जिना ऐकू यायचा. धप्, आणि त्याच पायरीवर पुन्हा धप्. धडधाकट माणूस जिना तसा उतरत नाही. ती ऐकायची आणि पांघरूण वर ओढून घ्यायची. झोप होती म्हणून, की दुसऱ्या कशासाठी? गाडीच्या काचेवर एक माशी चालत होती. ल्युएला तिच्याकडे बराच वेळ बघत बसली.

गुरुवारी ती त्याच्या आधी उठली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता, उजव्या गुडघ्याखाली उशी. ती उशी रोज तिच्या उठण्याआधी पलंगाच्या कडेला परत जात असणार. खाली जाऊन तिनं कॉफी केली आणि जिना दिसेल अशी खुर्ची ओढून बसली. वर पलंग करकरला. मग काहीच नाही. हा जो वेळ होता तो तिनं कधी पाहिला नव्हता, तो पलंगाच्या कडेला बसून असणार, जमिनीकडे बघत, थंड पाण्यात उतरण्याआधी माणूस बसतो तसा. मग पहिलं पाऊल पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून एक श्वास. जिन्याच्या वळणावर आल्यावर त्याला ती दिसली.

‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं,’ तो म्हणाला.

‘कॉफी झालीय. ये.’

‘तू घे, मी आलोच. चष्मा विसरलो वर.’

‘चष्मा डोळ्यांवर आहे तुझ्या.’

त्यानं चष्म्याला हात लावून पाहिला. मग कठडा धरला आणि डावा पाय आधी टाकला. चांगला पाय आधी. सगळा भार उजव्या गुडघ्यावर घेऊन, तो वाकवून, हळूहळू, आणि तोंडावर एक हसू डकवून. दुसऱ्या पायरीलाही डावाच. कठड्यावरची त्याची बोटं पांढरी पडली. तिच्यासाठी केलेलं हे नाटक इतकं वाईट होतं आणि इतकं मेहनतीनं चाललं होतं की तिला बघवेना.

‘ओरिन,’ ती म्हणाली, ‘दुखरा आधी टाक.’

तो थांबला. मग त्यानं उजवा पाय उचलला आणि खाली टाकला, डावा त्याच्याशेजारी आणला, आणि असाच पायरी पायरी करत तो तिच्यापर्यंत आला आणि खुर्चीत बसला.

‘मार्व्हानं सांगितलं?’ त्यानं विचारलं.

‘ती नंतर. आधी पोर्चच्या पायऱ्या. कधीपासून दुखतंय?’

‘थांब.’ त्यानं कप जवळ ओढला. ‘विचारतंय कोण? बायको असेल तर सांगतो. कंपनी असेल तर माझं काही दुखत नाही, मी मजेत आहे.’

‘फोर्ट वेनलाही मजेतच होतास?’

‘तिथं फोटो काढला. तबकडीखाली काळी रेघ दिसतेय, सुटलीय म्हणाले. बदलून देतात. मी म्हटलं, जूननंतर बघू.’ त्यानं तिच्याकडे पाहिलं. ‘जूनमध्ये तू घरी बसणार. मग तू नुसती बायको. कुणाला कळवायला नको, काही नको. दोन महिन्यांनी काय बिघडतंय?’

‘आणि उद्या मी सही करणार, तिचं काय?’

‘कर की. आख्खी जिंदगी गेली तुझी त्यात. एका म्हाताऱ्याच्या तंगडीपायी शेवटच्या दिवशी आपलेच दात आणि आपलेच ओठ कशाला?’

‘नवा गुडघा तुझ्या या गुडघ्याच्या भरवशावर उभा राहणार आहे, ओरिन. त्याच्यासारखाच आहे असं मी लिहिलंय. खरंच त्याच्यासारखाच आहे तो.’

ओरिननं कप टेबलावर गोल फिरवला.

‘प्रीतिभोजनाला आणखी कोण कोण खाली बसलं नाही?’

‘ते विचारू नकोस.’

‘लीलंड?’

‘लू, ती माणसं आपली आहेत.’

‘म्हणूनच तर विचारतेय.’

त्यानं कपात बघितलं. बायको म्हणून तिला खूप काही करता आलं असतं. बर्फाची पिशवी, मलम, उशी आता उघड उघड. गळ्यात पडून रडता आलं असतं आणि तिला रडायचंही होतं, गेले दोन दिवस तेवढं एकच करायचं होतं. आणि उद्या तो परिच्छेद जसाच्या तसा गेला असता, आणि ओरिनच्या पायातली ती काळी रेघ जगात कुठंच नसती, फक्त त्यांच्या दोघांच्या पलंगावर असती. ती उठली. टेबलाला धरून ती त्याच्या पुढ्यात खाली बसली, दोन्ही गुडघे फरशीवर टेकून. नवरा-बायको एकमेकांचे पाय धूत नाहीत त्यांच्यात, खोल्याच वेगळ्या, त्यामुळे इतक्या वर्षांत ती अशी त्याच्यासमोर कधी बसली नव्हती. त्याच्या पायजम्यावरून तिनं तो गुडघा दोन्ही हातांत धरला. गरम होता.

‘कंपनी विचारतेय,’ ती म्हणाली.

‘विचार कर, लू. तुझा केक जाईल.’

‘जाऊ दे. मला ती साखर तशीही बाधते.’ तिचा आवाज कोरडा होता, फोनवर अनोळखी माणसाशी बोलताना असायचा तसा. ‘रुग्णाचं नाव?’

तिनं हात काढले नाहीत.

‘ओरिन ब्रूबेकर,’ शेवटी तो म्हणाला.

‘कुठला पाय?’

‘तुझ्या हातात आहे तो.’

‘कुठला पाय?’

‘उजवा.’

‘तक्रार काय आहे?’

त्यानं एकदा खाकरून पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं.

‘पहिलं पाऊल,’ तो म्हणाला.